कंस जुळले नाहीत, तिथे थांबा

दहावीच्या सहामाहीत ३क्ष² − १०क्ष + ८ = ० हे वर्गसमीकरण अवयव पाडून सोडवायचे होते. ३ गुणिले ८ म्हणजे २४. गुणाकार २४ आणि बेरीज −१० देणारी जोडी −६ व −४. मधले पद मी बरोबर फोडले: ३क्ष² − ६क्ष − ४क्ष + ८. पहिल्या दोन पदांतून ३क्ष(क्ष − २) निघाले. पुढच्या दोन पदांतून −४ बाहेर काढले आणि कंसात लिहिले (क्ष + २).

दोन्ही कंस वेगळे आले. तिथेच थांबायला हवे होते. पण वेळ कमी होता. मी पहिल्या कंसातले उणे खोडून अधिक केले आणि (क्ष + २)(३क्ष − ४) लिहून मोकळी झाले. नुसती शेवटची पदे गुणली असती तरी कळले असते: २ × −४ = −८, आणि मला हवे होते +८. मूळ २ ऐवजी −२ आले.

आज माझ्याकडे शिकवणीला येणारी मुलेही इथेच अडखळतात. उणे चिन्ह सामाईक काढले की आतल्या प्रत्येक पदाचे चिन्ह उलटते. −४ ला −२ नेच गुणले तर +८ मिळतात. कंस जुळले नाहीत तर आधी हेच तपासा, चिन्हे ओढूनताणून जुळवू नका. तसेच २क्ष² + ६क्ष + क्ष + ३ मध्ये दुसऱ्या गटाबाहेर १ लिहा: २क्ष(क्ष + ३) + १(क्ष + ३). तो १ मनात ठेवला की उत्तरातून हमखास गळतो.

सगळ्या पदांत सामाईक संख्या असेल तर ती आधीच बाहेर काढा. २क्ष² − १०क्ष − ४८ म्हणजे २(क्ष² − ५क्ष − २४), म्हणजेच २(क्ष − ८)(क्ष + ३). समीकरणात दोन्ही बाजूंना २ ने भागता येते, पण नुसत्या राशीत तो २ शेवटपर्यंत राहिलाच पाहिजे.

आणि जोडी सापडतच नसेल तर? क्ष² + ३क्ष + ५ घ्या. विवेचक ९ − २० = −११. सहगुणक पूर्णांक असताना विवेचक पूर्ण वर्ग नसेल, तर पूर्णांकांत अवयव पडतच नाहीत. माझ्या त्या उदाहरणात तो १०० − ९६ = ४ होता, पूर्ण वर्ग.

पालकांनो, गणित येत नसले तरी चालेल. मुलाच्या वहीत प्रत्येक उत्तराखाली कंस पुन्हा गुणून घेतलेला ताळा आहे का, एवढे पाहा.