कुंडीला माणूस नेमून दे

झाडं न्यायला चामटोलीला माझ्या रोपवाटिकेत येण्याआधी तुझ्या बदलापूरच्या सामायिक कचेरीत एक काम कर, पोरी. दुपारी बाराच्या सुमाराला जिथे कुंडी ठेवायची आहे तिथे पांढरा कागद पसर, त्याच्यावर वीतभर उंचीवर हात धर आणि सावली बघ. सावलीच्या कडा रेखीव असतील तर उजेड भरपूर आहे. सावली आहे पण कडा पुसट, तर मध्यम. सावली पडलीच नाही तर तिथे झाड ठेवायचं नाही, मग तो कोपरा कितीही ओकाबोका दिसो. ट्यूबलाइट लावून फसू नकोस. आपला डोळा अंधाराला सरावतो, झाडाला ते जमत नाही. खिडकीपासून चार पावलं आत आलं की उजेड किती झपाट्याने उतरतो ते कागदावर लगेच कळतं, आणि काचेला काळी फिल्म लावलेली असेल तर खिडकीजवळही भरवसा नसतो.

मग झाडं निवड. रेखीव सावलीच्या जागी अरेका पाम आणि रबर. पुसट सावलीत मनीप्लांट, सिंगोनियम, अ‍ॅग्लोनिमा, पीस लिली, स्पायडर प्लांट. सावली जेमतेम दिसते अशा अगदी कमी उजेडाच्या जागी दोनच नावं मी सांगते, स्नेक प्लांट आणि झेडझेड. झेडझेडचा कंद जमिनीखाली पाणी साठवून ठेवतो, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत तो तग धरतो. तुळस मात्र आत नेऊ नकोस. तिला ऊन लागतं. एसीच्या हॉलात ती महिनाभरात काडी होते आणि मग सगळ्यांच्या मनाला लागतं. तिची जागा दाराबाहेर, उन्हात.

आता फायद्याचं बोलू, कारण तू तुझ्या गिऱ्हाइकांना ‘आमच्याकडे झाडांनी शुद्ध केलेली हवा आहे’ असं सांगणार आहेस म्हणे. तसं सांगू नकोस. रोपवाटिकेत लोक वर्षानुवर्षं कात्रणं आणून दाखवत आणि मी ती नीट वाचत आले. १९८९ साली अमेरिकेच्या नासासाठी वूल्व्हर्टन नावाच्या शास्त्रज्ञाने हवाबंद पेट्यांत झाडं ठेवून बघितली. बेन्झिन, फॉर्मल्डिहाइड यांसारखी द्रव्यं पेटीतल्या हवेतून कमी झाली, हे खरं. पण ती पेटी होती. कचेरीत दार उघडतं, फटींतून हवा येते-जाते, आणि या येण्याजाण्यानेच झाडांपेक्षा कितीतरी अधिक घाण बाहेर पडते. २०१९ साली ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी असे अनेक प्रयोग एकत्र मांडून हिशोब केला. इमारतीतल्या नेहमीच्या हवापालटाएवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील, असं उत्तर आलं. तेवढी झाडं लावल्यावर माणसं कुठे बसवशील?

यावर लोक दिल्लीचा दाखला देतात. तिथे नेहरू प्लेसमध्ये पहाडपूर बिझनेस सेंटर आहे. तीही अशीच अनेकांनी मिळून वापरायची जागा. ते चालवणाऱ्या कमल मीटल यांनी तिथे तीनशे माणसांमागे बाराशेहून अधिक झाडं ठेवली: अरेका पाम, स्नेक प्लांट आणि मनीप्लांट. दर माणशी खांद्याएवढ्या उंचीचे चार अरेका, असा त्यांचा हिशोब. पण लोक एक गोष्ट सांगायला विसरतात. तिथे बाहेरून येणारी हवा धुऊन, गाळून आत घेण्याची यंत्रणाही बसवलेली आहे. झाडं त्या मोठ्या व्यवस्थेचा एक भाग आहेत.

म्हणून हवेसाठी खिडक्या उघड. सकाळी माणसं यायच्या आधी समोरासमोरच्या दोन खिडक्या अर्धा तास उघड्या ठेव, दुपारी जेवणाच्या वेळी पुन्हा. बंद हॉलात पंचवीस माणसं श्वास सोडत असतात. दुपारी डोकं जड होतं ते बरेचदा त्यानेच. नव्या प्लायवूडचा आणि रंगाचा वास असेपर्यंत तर खिडक्यांना पर्याय नाही. ज्या रात्री बाहेरूनच रसायनाचा उग्र वास येतो, त्या रात्री खिडकी लावून घे आणि वासाची तक्रार नोंदव. ते काम कुठल्याही कुंडीचं नाही.

मग झाडं कशाला, असं तू विचारशील. माणसांसाठी. रॉजर उलरिच या संशोधकाने पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ या काळातल्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण, काहींच्या खिडकीतून झाडं दिसायची, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. १९८४ साली ते ‘सायन्स’ मासिकात आलं. २०१४ साली एक्सेटर, कार्डिफ आदी विद्यापीठांतल्या संशोधकांनी ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या मोठ्या कचेऱ्यांत पाहणी केली. उघड्याबोडक्या कचेरीत झाडं आणल्यावर लोक खूश झाले, त्यांचं लक्ष अधिक लागू लागलं, आणि काम पंधरा टक्क्यांनी वाढल्याचं त्यांनी मांडलं. पंधराचा आकडा तुझ्याकडे जसाच्या तसा उतरेल असं मी म्हणणार नाही. दिशा मात्र मला पटते, कारण मी ती माणसांच्या चेहऱ्यांवर पाहिली आहे.

तुझ्या हॉलात कोण येणार ते बघ. हिशोब लिहिणारा, कपड्यांची डिझाइनं काढणारी, परदेशातल्या कंपनीचं काम इथून करणारा मुलगा, विमा विकणाऱ्या ताई. कालपर्यंत यातली बरीच माणसं बदलापूरहून सीएसएमटीपर्यंत लोकलला लटकत जायची. एकाचं दुसऱ्याशी काही नातं नाही. साहेब एक नाही, पगाराचा दिवस एक नाही. त्या सगळ्यांमध्ये सामायिक काय आहे? चहाचं यंत्र, वायफायचा पासवर्ड आणि तुझ्या कुंड्या. यातल्या फक्त कुंडीला नवं पान फुटतं आणि ते पाहून कुणीतरी शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणतं, ‘बघितलंत का?’ बोलणं तिथून सुरू होतं. मी एवढ्यासाठीच तुला झाडं देते आहे.

म्हणून झाडं रिसेप्शनला ओळीने मांडून ठेवू नकोस. ती फोटोपुरती होतात. प्रत्येक खुर्चीवर स्वतः बस आणि मान न वळवता कुठलं तरी हिरवं पान दिसतंय का ते बघ. दोन टेबलांच्या मध्ये अरेकाची रांग लावलीस तर समोरच्याची नजर अडते आणि माणूस मोकळा बसतो. आवाज मात्र तिने अडणार नाही. फोनवर मोठ्याने बोलणाऱ्यांसाठी वेगळी खोलीच हवी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ते नीट ऐक. प्रत्येक कुंडीला एक माणूस नेमून दे. नाव लिहून. ‘सगळ्यांची झाडं आहेत, सगळे बघतील’ असं ज्या कचेरीत ठरतं, तिथे झाडाचे दोन प्रकारे हाल होतात. एक, कुणीच पाणी घालत नाही. आणि याहून नेहमी घडतं ते दुसरं: सगळेच घालतात. संध्याकाळी निघताना प्रत्येकाच्या बाटलीत उरलेलं पाणी असतं, ते फेकवत नाही, आणि समोर कुंडी असते. पाच माणसं पाच बाटल्या ओततात. सगळे मायेनेच करतात. मुळं मात्र श्वास कोंडून कुजतात, पानं पिवळी पडतात, आणि पिवळं पान बघून सहावा माणूस म्हणतो, याला पाणी कमी पडतंय. चहाही ओततात. साखरेने मुंग्या येतात, मातीला बुरशी धरते. उरलेल्या पाण्यासाठी पाणपिंपाजवळ एक झाकणाची बादली ठेव. पाणी तिच्यात ओतायचं, कुंडीत नाही. झाडांना त्याच बादलीतलं पाणी दे, रात्रभर ठेवलेलं.

पाळी आठवड्याला बदलू नकोस. सोमवारचा माणूस मागच्या सोमवारी काय झालं ते जाणत नाही. एका माणसाने निदान एक ऋतू ती कुंडी बघावी, आणि तो गावी गेला तर कोण, हेही आधीच ठरवावं. पाणी दिवस मोजून घालायचं नाही. बोटाची दोन पेरं मातीत खुपसायची. ओल लागली तर परत फिरायचं. स्नेक प्लांट आणि झेडझेडची माती तळापर्यंत सुकली तरच पाणी. घालायचं तेव्हा भोकातून निथळेपर्यंत घालायचं आणि थाळीत साचलेलं ओतून टाकायचं. ज्यांच्या वाट्याला कुंडी आली नाही त्यांना पानं पुसायचं काम दे. उन्हाळ्यात आपल्या रस्त्यांची धूळ पानांवर थर धरते. पानाखाली तळहात धरून ओल्या फडक्याने वरून पुसायचं. चकाकीसाठी खोबरेल किंवा दूध लावायचं नाही. त्याने धूळ आणखी चिकटते.

थाळीतल्या पाण्याबद्दल मी कडक आहे. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ, थोड्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि सुकी राहूनही महिनोन्‌महिने जगतात. दर शनिवारी थाळ्या घासून धुवायच्या. बाटलीत लावलेल्या मनीप्लांटचं पाणीही त्याच दिवशी बदलायचं, बाटली आतून घासायची आणि तोंडाला कापूस बसवायचा.

पाळणाघर किंवा दवाखाना शेजारी असेल आणि लहान मुलं आत येत असतील तर डिफेनबाकिया नको. कच्चा अळू जो खाजवतो, त्याला कारण कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. तेच डिफेनबाकियात पुष्कळ असतात. पान चावलं तर तोंड, जीभ सुजते. मनीप्लांट आणि सिंगोनियममध्येही ते असतात, म्हणून ही झाडं मुलांच्या हाताबाहेर, वर टांगलेली बरी. छाटणी केली की हात धुवायचे.

माझ्याकडची झाडं शेडनेटखाली, दमट हवेत वाढलेली आहेत. ती टेम्पोतून उतरवून थेट एसीत नेलीस तर रुसतात. पंधरा दिवस जिन्यात किंवा व्हरांड्यात ठेव, मग आत घे. आत आल्यावर एसीचा झोत थेट पानांवर नको. कोरड्या हवेत पानाच्या मागे लाल कोळी धरतो, बारीक जाळं दिसतं. देठाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन तो टिपून काढायचा. कडुनिंबाच्या तेलाची फवारणी शनिवारी संध्याकाळी, हॉल रिकामा झाल्यावर, कारण त्याचा वास सगळ्यांना सोसत नाही. त्याच कारणाने आतल्या कुंडीत ओलं शेणखत घालू नकोस. शिवाय चिलटंही होतात. मुरलेलं गांडूळखत, कोकोपीट, थोडी लाल माती आणि विटेचे बारीक तुकडे, एवढं पुरे.

तुझी जागा तळमजल्यावर आहे, आणि उल्हास नदी काय करू शकते ते आपल्याला कुणी सांगायला नको. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, आपल्या चामटोलीजवळच पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. २००५ आणि २०२१ च्या जुलैतही बदलापुरात पाणी शिरलं. मृगाच्या आधीच जमिनीवरच्या कुंड्या उंच घडवंच्यांवर घे. मोठ्या, उचलता न येणाऱ्या कुंड्या तळमजल्यावर ठेवूच नकोस. पुराचं पाणी कुंडीत शिरलं तर झाड वाचव, माती नको. त्या पाण्यात गटार, तेल, काय काय मिसळलेलं असतं. मुळं स्वच्छ पाण्याने धुऊन नव्या मातीत लाव, आणि हे करताना हातमोजे घाल. पावसाळ्यात पाणी तसंही निम्म्यावर आण, कारण हवाच ओली असते.

दुसऱ्या वर्षापासून तुला माझ्याकडून झाडं घ्यावी लागू नयेत अशी माझी इच्छा आहे. मनीप्लांटची फांदी पेराखाली कापून पाण्यात ठेवली की मुळं फुटतात. स्पायडर प्लांटला लोंबणारी पिल्लं येतात, ती तशीच लावता येतात. पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटचं पान कापून लावलंस तर नवं रोप साधं हिरवं येतं, काठ जातो, म्हणून त्याचा गड्डाच विभागायचा. कचेरीत नवा माणूस आला की त्याला अशी एक कटिंग दे, जुना निघाला की त्याने सांभाळलेलं झाड त्याला घरी नेऊ दे.

पहिल्या खेपेला सहाच कुंड्या ने: दोन स्नेक प्लांट, एक झेडझेड, दोन मनीप्लांट आणि खिडकीपाशी एक अरेका. सांभाळणाऱ्यांची सहा नावं लिहून आण. शनिवारी दुपारी ये, म्हणजे त्यांनाही बरोबर आणता येईल आणि कुंडी बदलायची कशी ते मी त्यांच्याच हातून करून घेईन.