गांवची सभा आणि दिल्लीचा खजिना

राजकारण हा शब्द ऐकतांच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें दिल्लीचें संसदभवन उभें राहतें. गांवांतील विहिरीची किंवा गटाराची चर्चा त्यांस क्षुल्लक वाटते. या दोहोंमध्यें पैशाची एक सरळ वाट आहे. ती आज आम्ही वाचकांस, विशेषतः पालकांस, दाखवूं इच्छितों.

केंद्र सरकारच्या करांतून कोणास किती द्यावें याची शिफारस घटनेच्या २८० व्या कलमान्वयें नेमलेला वित्त आयोग करितो. पंधराव्या आयोगानें २०२१ ते २०२६ या काळासाठीं असें ठरविलें कीं, पंचायतींच्या अनुदानांतील शंभरांपैकीं साठ रुपये पाणी व स्वच्छता यांवरच खर्च व्हावेत. उरलेले चाळीस गांवानें आपल्या गरजेप्रमाणें खर्चावेत, मात्र पगारावर नव्हे. महाराष्ट्रांत या अनुदानांतील शेंकडा ऐंशी ग्रामपंचायतीस, दहा पंचायत समितीस व दहा जिल्हा परिषदेस, अशी वांटणी झाली. रक्कम हातीं येतांच राज्य सरकारनें ती कामकाजाच्या दहा दिवसांत पुढें धाडावी, उशीर झाल्यास व्याज द्यावें, अशीही अट होती. सावकारास व्याज देणारीं गांवें आम्हीं पुष्कळ पाहिलीं. सरकारनेंच गांवास व्याज द्यावें, ही मोठी मौज!

महाराष्ट्रांतील जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजीं सुरू झाल्या, व २४ एप्रिल १९९३ पासून पंचायतींस घटनेचाच आधार मिळाला.

परंतु पैसा कोठें खर्चावा याचा आराखडा ठरतो तो ग्रामसभेंत. गांवच्या मतदार यादींत ज्याचें नांव, तो तिचा सभासद. त्यास निवडून यावें लागत नाहीं. सभेस शेंकडा पंधरा मतदार किंवा शंभर माणसें, यांपैकीं जी संख्या कमी असेल तितकीं हजर लागतात. सहाशें मतदारांच्या गांवीं नव्वद. तितकीं न जमल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस संख्येचें बंधनच राहत नाहीं! खरी गोम येथेंच आहे.

समजा, गांवापासून कोसभर दूर एक वाडी आहे. तिची विहीर ढासळली आहे. सभा सकाळीं अकरा वाजतां. वाडीच्या बाया त्या वेळीं खुरपणीस गेलेल्या. पहिली सभा तहकूब झाली. दुसरीस पंधरा माणसें आलीं, तीं सारीं गांवठाणांतील. पाण्याचे साठ रुपये गांवठाणाच्या नळास गेले, चाळीस चावडीपुढील फरशीस. कायद्याचा भंग कोणींही केला नाहीं. दिल्लीनें पैसा दिला, राज्यानें पोंचविला, पंचायतीनें खर्चिला. वाडीच्या बाया मात्र हंडे घेऊन पूर्वीप्रमाणेंच ओढ्यावर जातात. अशा वेळीं लोक दिल्लीस नांवें ठेवितात, तें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

सभेची नोटीस आगाऊ लावली जाते. आमच्या वरच्या वर्गांतील मुलें ती घरीं वाचून दाखवूं शकतील. आणि वेळ गैरसोयीची असल्यास, ती बदलावी म्हणून सरपंचांच्या नांवें वाडीतर्फे अर्ज लिहून देणेंही त्यांस कठीण नाहीं.