शिक्षक कोणाचे आणि जागा कोणाची?

लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायांत योबेल वर्षाचा नियम सांगितला आहे. त्या वर्षीं दास मोकळा होई व जो तो आपल्या वतनावर परत जाई. अमेरिकेंतील कृष्णवर्णी लोक सन 1865 त गुलामगिरींतून सुटले खरे. परंतु परत जाण्यास त्यांना वतन कोठें होतें? म्हणून त्यांच्या विद्यालयांचा इतिहास हा पुष्कळ अंशीं जागेचा व शिक्षकांचा इतिहास आहे. आपल्या उपदेशक बंधूंनीं तो समजून घ्यावा, कारण आपल्या देशांतही तोच प्रश्न उभा राहिला.

टेनेसी राज्यांतील नॅशव्हिल शहरीं 1866 च्या जानेवारींत फिस्क विद्यालय निघालें, तें सैन्याच्या जुन्या इस्पितळाच्या बराकींत. तें चालविणारी अमेरिकन मिशनरी असोसिएशन 1846 त गुलामगिरीच्या कट्टर विरोधकांनीं स्थापिली होती. इतर मिशन संस्था या पापाविषयीं स्पष्ट बोलत नाहींत, ही त्यांची तक्रार होती. पुढें बराकी कुजूं लागल्या व पैसा संपत आला. तेव्हां 1871 त खजिनदार व गायनशिक्षक जॉर्ज व्हाईट हे नऊ तरुण-तरुणींचा मेळा घेऊन गांवोगांव निघाले. त्यांतील बहुतेक जन्मानें गुलाम. मेळ्याचें ‘ज्युबिली सिंगर्स’ हें नांव याच योबेलावरून ठेविलें. गाण्याच्या मिळकतींतून नवी जमीन घेतली गेली व 1876 त तीवर ज्युबिली हॉल उभा राहिला.

इमारत झाली, पण खुर्चीचें काय? फिस्कचे अध्यक्ष गोरेच होत राहिले. 1925 त अध्यक्षांच्या जाचक शिस्तीविरुद्ध विद्यार्थ्यांनीं संप केला व अध्यक्षांस जावें लागलें. तरी चार्ल्स जॉन्सन हे पहिले कृष्णवर्णी अध्यक्ष नेमले गेले ते 1946 त, म्हणजे स्थापनेनंतर 80 वर्षांनीं. मिशनऱ्यांचे उपकार आम्ही विसरत नाहीं. आमचें स्वतःचें शिक्षणही मिशनच्याच सेमिनरींत झालें. पण ऐंशी वर्षें हा काळ फार झाला, असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

टस्कीगीची गोष्ट निराळी. अलाबामा राज्यांतील ही शाळा 4 जुलै 1881 रोजीं बुकर टी. वॉशिंग्टन यांनीं उघडली. ते स्वतः गुलामगिरींत जन्मलेले, आणि शिक्षकवर्ग आरंभापासून त्यांच्याच लोकांचा. सरकारनें वर्षाला 2,000 डॉलर मंजूर केले होते, पण ते केवळ पगारापुरते. जमिनीसाठीं कांहीं नाहीं. वर्ग एका मोडक्या खोपटांत व शेजारच्या देवळांत भरे. पाऊस आला म्हणजे एखादा मोठा विद्यार्थी धडा सोडून गुरुजींच्या डोक्यावर छत्री धरी! आंदर मावळांतील श्रावण ज्यांनीं गळक्या छपराखालीं काढला आहे, त्यांस हें फोडून सांगावयास नको. पुढें एक ओसाड मळा 500 डॉलरांस घेतला, त्यांतील निम्मी रक्कम उसनी. त्या मळ्यांत तबेला व कोंबड्यांचें खुराडें होतें, त्यांतही वर्ग भरले. मग विटा पाडण्याचें ठरलें. भट्टी तीनदां फसली, पैसा सरला. तेव्हां वॉशिंग्टन यांनीं आपलें घड्याळ गहाण टाकून चौथी भट्टी लाविली. ती साधली. ज्यांनीं भट्टीवर काम केलें आहे ते जाणतात कीं तीनदां फसलेल्या भट्टीपुढें चौथ्यांदा उभें राहणें सोपें नव्हे.

आतां आपल्याकडे पाहूं. महात्मा फुले यांनीं 1873 त आपलें ‘गुलामगिरी’ पुस्तक, गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केलें. डॉ. आंबेडकरांनीं 1945 त पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली व 1950 च्या जूनमध्यें तेव्हांच्या औरंगाबादेस, आजच्या छत्रपती संभाजीनगरास, कॉलेज उघडलें. तेंच मिलिंद महाविद्यालय. 1 सप्टेंबर 1951 रोजीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांनीं इमारतीची कोनशिला बसविली. आवारास नागसेनवन हें नांव मिळालें. नांव बौद्ध आहे म्हणून कोणी येथेंच पान उलटूं नये. खेड्यापाड्यांतील दलित मुलें तेथें वसतिगृहांत राहून शिकलीं. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस हे दलित समाजांतील नव्हते, पण पुढें म. ना. वानखडे हे त्याच खुर्चीवर बसले. ते अमेरिकेंत शिकून आलेले. कृष्णवर्णी लेखकांचें साहित्य आपल्या तरुणांपुढें त्यांनीं ठेविलें. अशा रीतीनें फिस्क व टस्कीगीची हाक नागसेनवनांत ऐकूं आली.

आपल्या ख्रिस्ती मंडळींतही उदाहरण आहे. अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथील कॉलेज 1947 त स्थापिलें तें डॉ. भा. पां. हिवाळे या मराठी ख्रिस्ती गृहस्थांनीं, आणि पहिले प्राचार्य तेच झाले. ऐंशी वर्षें वाट पाहावी लागली नाहीं.

रविवारच्या वर्गांत नहेम्याचा तिसरा अध्याय वाचावा व कोटाचा कोणता भाग कोणी बांधिला हें मुलांकडून सांगवून घ्यावें. मग मोठ्यांनीं एक काम करावें: आपल्या गांवच्या प्रार्थनामंदिराची व शाळेची जागा सातबाऱ्यावर कोणाच्या नांवें लागली आहे, तें तलाठ्याकडे जाऊन पाहून यावें.