शरीराची तेरीज

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने व्यायाम आणि आहार यांच्या शास्त्रावर लेख लिहावा, हे पुष्कळांना रुचणार नाही. ‘तुझा या विषयाशी संबंध काय?’ असे मराठी विभागाच्या संपादकांनीही विचारले. संबंध आला तो एका मित्रामुळे.

हा मित्र माझ्याच वर्गातला. पाच हजार मीटर धावतो. पहाटे विद्यानगरहून निघून उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात बारा किलोमीटर धावून तो साडेआठच्या तासाला हजर असतो. त्याचे वडील उस्मानगंजात हमाली करतात. मागच्या सत्रात एका संध्याकाळी तो प्रथिनांच्या भुकटीचा मोठा डबा घेऊन माझ्याकडे आला. परीक्षेच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून त्याने तो आणला होता. मी रागावलो, तर म्हणतो, “तू कॉमर्सचा ना रे? मग मी रोज किती खायला पाहिजे, याचा हिशेब मांडून दे. हिशेबात डबा नको असं निघालं, तर परत करतो.”

मला वाटले, यात काय अवघड? खाणे ही जमा आणि श्रम हा खर्च. शाळेत मराठीतून पुस्तपालन शिकलो असल्याने किर्द, खतावणी आणि तेरीज हे शब्द माझ्या बोटांवर आहेत. एक दोनशेपानी वही घेतली आणि रकाने आखले.

खर्चाच्या बाजूला पहिली रक्कम म्हणजे शरीराचा कायमचा खर्च. माणूस नुसता पडून राहिला तरी हृदय, फुप्फुसे, मेंदू आणि यकृत काम करीतच असतात. दुकान बंद असले तरी भाडे चुकत नाही, तसेच हे. ढोबळ मानाने दर किलो वजनास दर तासाला एक उष्मांक. मित्राचे वजन ५४ किलो, म्हणजे दिवसाला सुमारे १,३०० उष्मांक झाले. धावण्याचा ढोबळ नियम असा की दर किलो वजनास दर किलोमीटरला एक उष्मांक लागतो. बारा किलोमीटरचे साडेसहाशे. वर चालणे, उठबस, अभ्यास. जमेच्या बाजूला ज्वारी व तांदूळ, शंभर ग्रॅमला सुमारे साडेतीनशे उष्मांक. डाळ जवळजवळ तेवढीच. शेंगदाणे मात्र साडेपाचशेच्या वर. आठ दिवस त्याने पदार्थ मोजून खाल्ले आणि मी नोंदी केल्या.

तेरीज जुळेना! एखाद्या दिवशी चारशे उष्मांकांची तूट, दुसऱ्या दिवशी तीनशेची शिल्लक. आणि वजनाचा काटा मात्र जिथल्या तिथे. आधी माझ्या बेरजा चुकल्या असे वाटले. त्या बरोबर होत्या. मग असा हिशेब आधी कोणी मांडला आणि त्यांची तरी तेरीज जुळली का, हे शोधू लागलो. प्रस्तुत लेख त्या शोधातून निघालेला आहे.

शोधायला लांब जावे लागले नाही. आपल्या विद्यानगरहून विद्यापीठाच्या आवारातून तार्नाक्याकडे निघाले की राष्ट्रीय पोषण संस्था लागते. तिच्या फाटकावरून मी लहानपणापासून गेलो आहे. तेथे औषधे करीत असतील अशी माझी समजूत होती. ही संस्था मुळात हैदराबादची नव्हे. रॉबर्ट मॅककॅरिसन या आयरिश डॉक्टराने १९१८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे बेरीबेरी रोगाच्या चौकशीसाठी ती सुरू केली. हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांचे जेवण त्याने पांढऱ्या उंदरांना खाऊ घातले आणि कोणाची वाढ कशी होते ते पाहिले. उत्तरेकडील गहू, दूध व भाजी असलेल्या जेवणावरचे उंदीर धष्टपुष्ट निघाले. मॅककॅरिसननंतर एक्रॉइड आले आणि त्यांच्यानंतर सूत्रे डॉ. व्ही. एन. पटवर्धन यांच्या हाती आली. त्यांच्याच कारकीर्दीत, १९५८ साली, संस्था हैदराबादेत हलली. तिला आजचे नाव १९६९ साली मिळाले. पटवर्धन जीवरसायनशास्त्रज्ञ होते. भारतीय माणसास किती उष्मांक व किती प्रथिने लागतात, यावरचा त्यांचा अहवाल भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९६० साली प्रसिद्ध केला. मी वहीत जे करीत होतो, ते या गृहस्थांनी सबंध देशासाठी केले होते.

श्रमाचा खर्च मोजतात कसा? याची युक्ती मला फार आवडली. शरीरातील अन्न जाळायला प्राणवायू लागतो आणि एक लिटर प्राणवायू वापरला की साधारण पाच उष्मांक खर्च होतात. तेव्हा माणसाच्या तोंडाला नळी लावायची, तो काम करीत असताना बाहेर पडणारा श्वास एका मोठ्या पिशवीत साठवायचा आणि त्यात प्राणवायू किती उरला हे तपासायचे. डग्लस नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९११ साली ही पिशवी प्रचारात आणली. पिशवी पाठीवर घेऊन माणूस चढू शकतो, खणू शकतो, धावूही शकतो. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर प्रत्येक श्वास ही खर्चाची पावती आहे.

या लोकांची चरित्रे चाळताना एक गोष्ट वारंवार दिसली. यांपैकी बरेच जण या शास्त्रात समोरच्या दाराने आलेले नाहीत. स्नायूंच्या उष्णतेवरील कामासाठी १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळवणारे ए. व्ही. हिल केंब्रिजला आधी गणित शिकले. धावणाऱ्याला किती प्राणवायू लागतो हे पाहण्यासाठी ते स्वतः पिशवी बांधून धावत. याच हिलसाहेबांना १९४३ साली भारतातील विज्ञान-संशोधनाची पाहणी करायला बोलावले होते. आपल्याकडचे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, हे तर संस्कृतचे विद्यार्थी. १९०३ साली त्यांना जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली होती. बडोद्यास माणिकरावांच्या आखाड्यात ते तयार झाले आणि पुढे योगातील क्रिया क्ष-किरणांखाली तपासू लागले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढले. हातात वैद्यकीची पदवी नाही आणि विषय असा, की शास्त्रज्ञ त्याला भाबडेपणा म्हणणार आणि साधक पाखंड. तरी त्यांनी मोजमाप सोडले नाही.

आणि आम्हां वाणिज्यवाल्यांनी तर कान टवकारावेत अशी हकीकत अमेरिकेत आहे. थकव्याचा अभ्यास करणारी तेथील सर्वांत नामांकित प्रयोगशाळा हार्वर्ड विद्यापीठात १९२७ साली निघाली, ती वैद्यकीय महाविद्यालयात नव्हे. व्यापार-शिक्षणाच्या शाळेच्या तळघरात! कारखान्यातला कामगार थकतो म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न व्यापाराचाही होताच. वर ताळेबंद शिकवीत असतील आणि खाली चालत्या पट्ट्यावर माणसे घाम गाळीत असतील. ही प्रयोगशाळा १९४७ साली बंद पडली, पण तेथे काम केलेली माणसे ठिकठिकाणी पांगली आणि त्यांनी हे शास्त्र नेले तेथे रुजवले.

आता तेरीज न जुळण्याकडे येतो, कारण या लेखाचे खरे निमित्त तेच आहे. त्याचे उत्तर मला एका संख्याशास्त्रज्ञाकडे मिळाले.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसनमधून पदवी घेऊन ते लंडनला संख्याशास्त्र शिकले. पुढे शेतीच्या उत्पन्नाची नमुना पाहणी, मग रोम येथील जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुखपद, आणि निवृत्तीनंतर पुण्यात पुन्हा संशोधन. वयाच्या सत्तरीत, १९८२ साली, त्यांनी शेल्डन मार्गेन यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. लष्करात भरती झालेल्या इंग्रज तरुणांच्या रोजच्या खाण्याच्या व श्रमाच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यांचे म्हणणे असे की निरोगी माणसाची रोजची जमा व रोजचा खर्च जुळतच नाहीत. आजची तूट शरीर पुढे ओढते, काही दिवसांत भरून काढते आणि खर्चही आपोआप थोडा कमी-जास्त करते. थोडक्यात, शरीर रोजकिर्द मिटवीत नाही. माझ्या वहीतली चूक माझी नव्हती, हे वाचून किती बरे वाटले म्हणून सांगू!

परंतु सुखात्मे येथे थांबले नाहीत. सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी धरणे चूक आहे, असे त्यांनी मांडले. आमच्या अर्थशास्त्राच्या तासाला दांडेकर आणि रथ यांचे १९७१ सालचे दारिद्र्यावरील पुस्तक येते; त्यात दरडोई २,२५० उष्मांकांची रेषा आहे. सुखात्म्यांच्या मापाने पाहिले तर त्या रेषेखालचे पुष्कळ लोक उपाशी ठरत नाहीत. यावर मोठा वाद झाला. दांडेकरांनी लेख लिहून विरोध केला. तार्नाक्याच्या संस्थेचे माजी संचालक डॉ. सी. गोपालन यांनीही कडाडून विरोध केला. त्यांचा मुद्दा असा की शरीर कमी अन्नावर भागवते खरे, पण त्याची किंमत देऊन. उंची खुंटते, वजन घटते, श्रमाची ताकद कमी होते. याला पुरावा त्यांच्याच संस्थेत तयार होता. के. सत्यनारायण व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्यूज बनवणाऱ्या कारखान्यातील कामगार अभ्यासून १९७७ साली दाखवले होते, की ज्याचे शरीर भरलेले त्याचे उत्पादनही जास्त.

मी कोणाच्या बाजूचा? रोजच्या नोंदीबाबत सुखात्म्यांच्या, हे वर आलेच. पण मित्राच्या वडिलांना मी पाहिले आहे. ते दिवसभर पोती वाहतात आणि संध्याकाळी दोन भाकऱ्यांवर उठतात. वजन कित्येक वर्षांत बदललेले नाही, म्हणून त्यांची तेरीज जुळली असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कोष्टकांतला आदर्श पुरुष एके काळी ५५ किलोंचा होता. २०१० च्या शिफारशींत तो ६० किलोंचा आणि २०२० च्या शिफारशींत ६५ किलोंचा झाला. काका त्या पहिल्या पुरुषापर्यंतही पोचलेले नाहीत. त्यांच्यासारखे कष्ट करणाऱ्यास २०२० चे कोष्टक ३,४७० उष्मांक सांगते.

खेळाडूंकडे हे शास्त्र वळले ते याच वाटेने. कामगार आणि सैनिक मोजून झाल्यावर, १९८५ साली येथील शास्त्रज्ञांनी भारतीय खेळाडूंनी काय व किती खावे याच्या शिफारशींची पुस्तिका काढली. आता त्याच संस्थेत क्रीडा-पोषण या विषयाची एम. एस्‌सी. शिकवतात. अर्थात प्रवेश विज्ञानाच्या पदवीधरांना. वाणिज्यवाल्यास ते दार बंद आहे; पण सुखात्मे ज्या संख्याशास्त्राच्या दाराने आत शिरले ते उघडे असावे, असे मी हल्ली मनाशी घोळवीत असतो. घरी अजून बोललेलो नाही.

राहिला डबा. सर्वसाधारण माणसास दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत; खेळाडूंसाठी परदेशी तज्ज्ञ १.२ ते २ ग्रॅम सांगतात. मित्रासाठी हे ६५ पासून १०८ ग्रॅमपर्यंत येते. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम असतात, डाळीत जवळपास तितकेच, आणि भात-भाकरीतूनही काही मिळतातच. खालचा आकडा घरच्या जेवणात थोडी भर घालून गाठता येतो. ज्याची खरी तूट निघाली ती धावण्याच्या साडेसहाशे उष्मांकांची, आणि ती भरायला दोनशे ग्रॅमहूनही कमी ज्वारी पुरते. डबा उघडलेला नव्हता. दुकानदाराने कुरकुर करीत परत घेतला. फी भरली.

वही चालू आहे. आता आम्ही रोजची तेरीज काढीत नाही, पंधरा दिवसांची काढतो. मागच्या महिन्यात मी तीत काकांसाठी एक रकाना वाढवला. त्यांनी तो पाहिला, हसले आणि म्हणाले, “माझं कशाला लिवतोस बाळा?” रकाना अजून कोराच आहे. येत्या रविवारी गंजात जाऊन पोत्यांच्याच काट्यावर त्यांचे वजन घेऊ, असे मित्राने कबूल केले आहे.