टॉरिन म्हणजे काय? ते विकत घ्यावे लागते का?

वीस रुपयांना मिळणाऱ्या एनर्जी ड्रिंकच्या बाटलीवर 'टॉरिन' हा शब्द छापलेला असतो. वस्तीतली मुले विचारतात, "ताई, यानेच ताकद येते ना?" म्हणून हे टॉरिन नीट समजून घेऊ.

टॉरिन हे एक अमिनो आम्ल आहे. १८२७ साली टिडेमान आणि ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांना ते बैलाच्या पित्तात सापडले. लॅटिन भाषेत बैलाला 'टॉरस' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. बहुतेक अमिनो आम्लांपासून शरीर प्रथिने बनवते. टॉरिन मात्र प्रथिनांत गुंफले जात नाही, पेशींमध्ये मोकळेच राहते.

त्याची कामे कोणती?
• यकृतात ते पित्ताम्लांना जोडले जाते. त्या पित्तामुळे तेल-तूप पचते आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे अंगी लागतात.
• पेशींमधल्या पाण्याचा समतोल राखते.
• हृदय व इतर स्नायूंच्या आकुंचनाला मदत करते.
• डोळ्याचा पडदा शाबूत ठेवते. मांजराच्या शरीरात ते पुरेसे तयार होत नाही. खाण्यातून मिळाले नाही, तर मांजर आंधळे होते, त्याचे हृदयही कमजोर होते.

माणसाचे तसे नाही. आपले यकृत दुसऱ्या अमिनो आम्लांपासून टॉरिन तयार करते. त्यासाठी ब-६ जीवनसत्त्व लागते. भाकरी, डाळ, शेंगदाणे, अंडी असा मिश्र आहार घेतला की कच्चा माल मिळतो. मासे, सुकट, मटण, कोंबडीची तंगडी यांत तर तयार टॉरिनच असते. ते पाण्यात उतरते, म्हणून शिजवलेले पाणी फेकू नका, रस्सा प्या. आईच्या दुधात ते असते, गाईच्या दुधात फारच कमी. बाळाला पहिले सहा महिने फक्त अंगावर पाजा.

मग बाटलीने तरतरी का येते? ती कॅफिन आणि साखरेची. थकवा जात नाही, फक्त दबतो. झोप उडते, छातीत धडधडते. लहान मुले, गरोदर व स्तनदा माता यांनी हे पिऊ नये, असे बाटलीवरच बारीक अक्षरात लिहिलेले असते. ते मोठ्याने वाचून दाखवा.

मुलगा किंवा मुलगी सतत थकत असेल, तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि त्या वीस रुपयांची अंडी आणा.