धीर धरायचा तो कशाच्या आधारावर?

मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान झालेल्या माणसाला आप्तेष्टांकडून सर्वप्रथम जो उपदेश मिळतो, तो ‘मन खंबीर ठेव’ हा; आणि तो कितीही मायेने केलेला असला, तरी खंबीर राहायचे ते कशाच्या आधारावर, हे कोणीच सांगत नसल्यामुळे दुखण्यात स्वतःच्या दुबळेपणाच्या शरमेची भर तेवढी पडते. तो आधार व्याधीचा स्वभाव ओळखण्यात आहे, असे मी अनुभवाने सांगते.

निदानानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, नागपूरच्या मे महिन्यातील एका दुपारी, जमाखर्चाची वही तपासत असताना उजव्या डोळ्यापुढील आकडे पुसट झाले, लाल शाई फिकट दिसू लागली, आणि दृष्टी आता गेलीच या भयाने माझे हातपाय गळाले. थोरल्या जाऊबाईंनी मला कूलरसमोर बसवून मानेवर ओला पंचा ठेवला; तासाभरात आकडे पूर्ववत दिसू लागले. पुढे डॉक्टरांनी उपपत्ती सांगितली ती अशी, की मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरण जेथे झिजलेले असते, तेथे देहाची उष्णता किंचित वाढली तरी संदेशवहन अडखळते, आणि देह निवला की पुन्हा सुरळीत होते. उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रवैद्याने 1890 मध्येच, श्रमानंतर काही काळ मंदावणाऱ्या दृष्टीची नोंद करून ठेवली होती. अशा वेळी नवी इजा झालेली नसते. मात्र ताप वा जंतुसंसर्ग नसताना एखादे नवे लक्षण 24 तासांहून अधिक टिकले, तर तो नवा झटका असू शकतो, हे जाणून विनाविलंब डॉक्टरांना गाठावे. हा भेद कळल्यापासून हाताला येणाऱ्या मुंग्या मला दर वेळी सर्वनाशाची वर्दी वाटेनाशा झाल्या.

याहून निकडीचा इशारा औदासीन्याविषयी आहे. उपचारासाठी दिलेली स्टेरॉइडची सलाइन संपल्यावर माझी झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, आणि लेकीने शाळेतली हकिकत सांगायला घेतली की तिचा आवाजही नकोसा होई. घरच्यांनी त्याला हळवा स्वभाव म्हटले; ज्या रुग्णालयात उपचार चालले होते, तेथेही कोणी चौकशी केली नाही. वास्तविक ही व्याधी मेंदूलाच इजा करीत असल्यामुळे हे औदासीन्य पुष्कळदा तिचेच एक लक्षण असते, औषधांचाही मनावर परिणाम होतो, आणि त्यावर उपचार आहेत. तेव्हा अशी अवस्था पंधरवडाभर टिकली, तर मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जगणेच नकोसे वाटू लागले, तर घरात कोणाला तरी त्याच घटकेस सांगावे आणि एक दिवसही दवडू नये. मला समुपदेशन आणि औषधे या दोहोंनी गुण आला.

या व्याधीत येणाऱ्या थकव्याची तजवीजही आधीच करावी, आणि त्यासाठी कायद्याचा आधार घ्यावा. दिव्यांगांच्या हक्कांसंबंधीच्या 2016 च्या अधिनियमात या व्याधीचा समावेश आहे; दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी अर्ज करण्यात कमीपणा कसला? कचेरीत पाळी बदलून मागणाऱ्या माझ्या अर्जावर साहेबांनी सकाळची पाळी मंजूर केली, आणि ताळेबंदाचे किचकट काम मी आता उन्हे तापण्यापूर्वी हातावेगळे करते.