मोजणार कोण?

गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पांढरी टोपी घातलेले रिटायर्ड ब्रिगेडियर, हिंदी सिनेमातल्या हिरॉइनचा श्रीमंत बाप, आणि मागून बॅग उचलून चालणारा एक माणूस, ज्याच्याकडे कॅमेरा कधीच वळत नाही. माझ्याही डोळ्यांसमोर हेच होतं. मी अलोऱ्याचा. चिपळूणहून कराडकडे निघालात की कुंभार्ली घाट सुरू होण्याआधी आमचं गाव लागतं. कोयना प्रकल्पाची कॉलनी, मागे सह्याद्री आणि चार महिने धो धो पाऊस. आमच्याकडे सपाट जागा दिसली की तिथे भात लावतात, नाहीतर क्रिकेटची स्टंपं ठोकतात. तिथला पोरगा कॉलेजच्या अंकात गोल्फवर लेख लिहितो म्हणजे जरा जास्तच झालं, हे मान्य! त्यात माझी शाळा कॉन्व्हेंट. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ मराठी विभागाच्या संपादकांनी तपासलेत, विचार तेवढे माझे.

आधी खेळ समजून घेऊ. एकूण १८ होल. प्रत्येक ठिकाणी चेंडू सुरुवातीच्या जागेवरून मारत मारत न्यायचा आणि १०८ मिलिमीटर व्यासाच्या एका खड्ड्यात घालायचा. ज्याचे एकूण फटके कमी, तो जिंकला. बॅगेत जास्तीत जास्त १४ स्टिका. चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड चालत नाही आणि ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाही. मेकॅनिकलवाल्यांनी या चेंडूवर प्रेम करावं असं त्याच्या अंगावर काहीतरी आहे, ते म्हणजे खळगे. पूर्वी गटापर्चाच्या चिकापासून केलेले गुळगुळीत चेंडू वापरत. खेळून खेळून ओरखडे पडलेला जुना चेंडू नव्यापेक्षा लांब जातो, हे खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं आणि मग चेंडूवर मुद्दाम खुणा पाडायला सुरुवात झाली. कारण आपण एसईला शिकलो तेच : खळग्यांमुळे बाउंडरी लेयर टर्ब्युलंट होतो, सेपरेशन उशिरा होतं, मागची वेक अरुंद होते आणि ड्रॅग घटतो. गुळगुळीत चेंडूच्या जवळजवळ दुप्पट अंतर! (इथे ‘आयुष्यातल्या खड्ड्यांनीच माणूस पुढे जातो’ असं वाक्य टाकायचा मोह झाला होता. आवरला.)

पण मला खेळाची ओढ लागली ती वेगळ्याच कारणाने. क्रिकेटमध्ये एलबीडब्ल्यूसाठी अकरा जण घसा फोडतात आणि निर्णय अंपायर देतो. बॅटला लागलेलं असूनही बॅट्समन आकाशाकडे बघत उभा राहतो, आणि आपण त्याला ‘प्रोफेशनल’ म्हणतो. गोल्फमध्ये प्रत्येक चेंडूमागे अंपायर धावत नाही. मोठ्या स्पर्धांत नियम सांगायला अधिकारी असतात, पण मैदान इतकं अफाट असतं की झाडीत, गवतात, वाळूत बहुतेक वेळा खेळणारा आणि त्याचा चेंडू एवढेच असतात. चेंडू जसा पडला तसाच मारायचा, हा मूळ नियम. आणि तो मोडला तर दंडाचा फटका आपणच आपल्याला लावायचा!

हे मी पुस्तकात वाचलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण गेल्या उन्हाळ्यात इनप्लांट ट्रेनिंगला पुण्याच्या एका कंपनीत होतो. तिथले आमचे साहेब इन्स्पेक्शनचे प्रमुख. बोलणं कमी, चहा जास्त. एका शनिवारी म्हणाले, “उद्या सकाळी मोकळा आहेस? ये माझ्याबरोबर चालायला.” चालायला म्हणजे गोल्फ कोर्सवर, पहाटे साडेपाचला. साहेब, त्यांचे दोन ओळखीचे, दोन कॅडी आणि मी.

सातव्या होलला साहेबांचा चेंडू झाडाखाली वाळक्या पानांत गेला. बाकीचे दोघे पार पलीकडे. साहेबांनी चेंडूजवळची दोन पानं बाजूला केली आणि चेंडू जेमतेम अर्धा इंच गडगडला. मी शेजारी उभा होतो म्हणून मला दिसलं. त्यांनी चेंडू परत जागेवर ठेवला, मारला, आणि होल संपल्यावर पलीकडच्या गृहस्थांना म्हणाले, “माझा एक वाढवा. पानं काढताना हलला.” बस, एवढंच. पुढच्या होलबद्दल बोलायला लागले. (नियम तसाच आहे. ग्रीनवर चुकून हलला तर २०१९ पासून दंड नाही, पण इतर ठिकाणी पानं-काड्या काढताना हलला तर एक फटका.)

त्याच सकाळी दुसरंही दिसलं. त्या दोघांपैकी एकाचा चेंडू मुळाला अडकला होता. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि बुटाच्या टोकाने चेंडू हळूच मोकळ्यावर आणला. याला गोल्फवाले गमतीने ‘फूट वेज’ म्हणतात, म्हणजे पंधरावी स्टिक! कॅडी तीन फुटांवर होता. तो शांतपणे दुसरीकडे बघत राहिला. नंतर पाणी पिताना मी त्याला विचारलं, “दादा, तुम्हाला दिसलं ना?” तो म्हणाला, “दिसतं की सगळं. आपलं काम ब्याग उचलायचं. मोजायचं काम त्यांचं.”

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. गोल्फच्या प्रामाणिकपणाचं जे कौतुक चालतं त्यात या माणसाची जागा कुठे आहे? खरा आकडा त्याला माहीत असतो आणि बोलायची सोय नसते, कारण दिवसाची बक्षिसी समोरच्याच्या खिशात असते. मैदान त्याला पावलापावलाने पाठ, पण खेळायला ते त्याचं नाही. तरी याच लोकांतून खेळाडू आले. दिल्लीला कॅडी म्हणून वाढलेला अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकला. ती स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक, आणि १९९३ ला त्याने ती पुन्हा जिंकली. मुंबईत चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबजवळच्या वस्तीत कॅडी मुलं लोखंडी सळई वाकवून स्टिक करतात आणि गल्लीबोळात, पत्र्यांच्या मधून प्लॅस्टिकचा चेंडू मारतात. तेव्हा हा खेळ फक्त पैशाचा, असं मी आता म्हणत नाही. मैदान मात्र पैशाचंच आहे.

दंड स्वतःला लावून घेण्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९२५ चं. अमेरिकेत यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्स फटक्याच्या तयारीत असताना लांब गवतातला चेंडू किंचित हलला. कोणी पाहिलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी विचारपूस केली, कोणालाच काही दिसलेलं नव्हतं. तरी जोन्सने एक फटका वाढवून घेतला. शेवटी तो आणि विली मॅकफार्लेन बरोबरीत आले, प्लेऑफ झाला आणि जोन्स एका फटक्याने हरला. तो एक नसता तर प्लेऑफची वेळच आली नसती! लोक कौतुक करायला लागले तेव्हा तो वैतागला म्हणतात. बँक लुटली नाही म्हणून कोणी कोणाचा सत्कार करतं का, असं त्याचं म्हणणं.

आपल्या पुण्याचा उदयन माने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला गेला, तोही अर्जेंटिनाच्या खेळाडूने माघार घेतल्यामुळे ऐनवेळी. पहिल्या दिवशी ७६ फटके, शेवटी ५६ वा. पेपरात चार ओळी आल्या असतील. पण अख्खा देश बघत असताना ७६ च्या कार्डावर सही करून दुसऱ्या दिवशी परत टीवर उभं राहायचं, हे मला पदकाइतकंच अवघड वाटतं. सही हा तर गोल्फमधला भलताच गंभीर प्रकार आहे. स्पर्धेत तुमचं कार्ड बरोबरचा खेळाडू लिहितो आणि तुम्ही ते तपासून सही करता. १९६८ च्या मास्टर्समध्ये रॉबर्टो दे विसेंझोने सतराव्या होलला ३ फटके घेतले होते, जोडीदाराने चुकून ४ लिहिले, आणि याने न बघता सही ठोकली. सगळ्या जगाने टीव्हीवर ३ पाहिले होते, पण नियमाप्रमाणे कार्डावरचे ४ धरले गेले. प्लेऑफ हुकला. त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता बिचाऱ्याचा. सबमिशनच्या आदल्या रात्री न वाचता सह्या ठोकणाऱ्या आपल्या ग्रुप लीडर मंडळींना हे अर्पण!

आता तुम्ही म्हणाल, याचा अलोऱ्याशी काय संबंध? आहे. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं, तिथे वीज देतं, मग कोळकेवाडीच्या धरणात अडतं, तिथून तिसऱ्या टप्प्याच्या वीजघरात ८० मेगावॉटच्या चार संचांवरून जातं आणि शेवटी वाशिष्ठीला मिळतं. बाबा वीजघरात शिफ्टला. दर तासाला लॉगशीट भरायचं : बेअरिंगचं तापमान, तेलाची पातळी, पाण्याचा दाब. रात्री तीन वाजता मागच्या तासाचाच आकडा खाली उतरवला तर कोणाला कळणार आहे? पण बेअरिंग रोज अर्धा अंशाने चढत असेल तर ते फक्त त्या कंटाळवाण्या रकान्यातच दिसतं, दुसरीकडे कुठेही नाही. लहानपणी मी विचारलं होतं, रोज तेच तेच काय लिहिता? बाबा म्हणाले, “तेच आहे हे बघितल्याशिवाय कसं कळणार?”

आणि घाटावर कोयनानगरला तर आकड्याची आख्खी कहाणीच आहे. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. भूकंपात सुमारे १८० माणसं गेली. १०३ मीटर उंचीच्या धरणाला वरच्या भागात तडे गेले, पण धरण उभं राहिलं. पुढे मागून काँक्रीटचे आधार देऊन ते मजबूत केलं. आराखड्यात भूकंपासाठी ०.०५ हा गुणांक धरला होता. धरणाच्या पोटातल्या गॅलरीत एक अ‍ॅक्सिलरोग्राफ बसवलेला होता, त्याने नोंदवलं ०.६३ जी. बारा पटीहून जास्त! विचार करा, आपल्यापैकी कोणी तिथे बसून रीडिंग घेत असता तर? ‘काहीतरी चुकलंय’ म्हणून खोडून ०.०६ लिहिलं असतं. यंत्राला अपेक्षित उत्तर माहीत नव्हतं, म्हणून ते वाचलं. ती नोंद आज जगभर धरणांच्या अभ्यासात वापरली जाते. अ‍ॅबॅकस शिकणाऱ्यांनी त्यातलं कोयना धरणाचं उदाहरण उघडून बघावं, तो आलेख आमच्या घाटावरचा आहे.

आता आपल्या घरात येऊ. एसईला फ्लुइडच्या लॅबमध्ये ऑरिफिसचा सीडी काढायचा होता. उत्तर सगळ्यांना पाठ : ०.६२. सीनियर्सच्या जर्नलमध्ये ०.६२, त्यांच्या सीनियर्सच्या जर्नलमध्येही ०.६२. आमच्या ग्रुपला आलं ०.५३. परत घेतलं, ०.५३. शेजारच्या ग्रुपने प्रेमळ सल्ला दिला, “अरे, उलटं कॅल्क्युलेट करा ना, वेळ थोडा कमी लिहा.” गणपतीची सुट्टी तोंडावर, माझ्या खिशात चिपळूणच्या गाडीचं रिझर्व्हेशन. पण आमच्या ग्रुपमधली लातूरची मुलगी ऐकेना. तिसऱ्यांदा घेतलं. तेच. मग तिने आत येणारं पाणी बंद केलं आणि मेजरिंग टँकच्या काचेच्या नळीकडे नुसती बघत बसली. दोन मिनिटांत पाण्याची पातळी खाली सरकायला लागली. ड्रेन व्हॉल्व्ह गळत होता! जेवढं पाणी जमत होतं त्यातलं थोडं खालून निघून जात होतं, म्हणून डिस्चार्ज कमी आणि सीडी कमी.

लॅबमधल्या मामांना दाखवलं. त्यांनी हात लावून बघितलं, वॉशर पार गेलेला. म्हणाले, “कधीपासून गळतोय काय माहीत. कोणी बोललंच नाही.” कसं बोलणार? सगळ्यांचं उत्तर बरोबर येत होतं!

ट्रेनिंगच्या शेवटी साहेबांना मी हा व्हॉल्व्हचा किस्सा सांगितला तेव्हा ते पहिल्यांदा मोठ्याने हसले. गोल्फ खेळून माणूस असा होतो का? मला नाही वाटत. तो फूट वेजवाला गृहस्थ वीस वर्षं खेळतोय. फरक इतकाच की मैदानावर दोघेही उघडे पडतात, ऑफिसात पडायला वेळ लागतो.

ट्रेनिंग संपवून घरी गेलो तेव्हा पावसाला आठवडा होता. काकांच्या रिकाम्या शेतात आम्ही चुलत भावंडांनी गोल्फ सुरू केलं. पेरूची वाकडी फांदी, रबरी चेंडू, आणि खड्ड्यात पुरलेला पत्र्याचा डबा. मी नियम समजावले. नऊ वर्षांच्या धाकट्याने लगेच विचारलं, “दादा, पण मोजणार कोण?” ज्याने त्याने आपलं मोजायचं म्हटल्यावर सगळे माझ्याकडे संशयाने बघायला लागले. मग पोरांनी स्वतःच ठरवलं, तू माझं मोज, मी तुझं मोजतो, म्हणजे खऱ्या कार्डाचीच पद्धत! तिसऱ्या डब्याला भांडण झालं, चौथ्याला चेंडू पऱ्यात गेला. हरवलेला चेंडू तीन मिनिटंच शोधायचा, असा नियम आहे. पोरं अंधार पडेपर्यंत शोधत होती.